धागा: पाणी घरात शिरलं की विचारायचं कोणाला? नाला, धारण तलाव, खाडी आणि आपली महापालिका

तळमजला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

नवी मुंबईत खाडीकडच्या एका नोडमध्ये (म्हणजे शहराच्या एका उपनगरात) तळमजल्यावर राहते, सेक्टर लिहीत नाही. गेल्या पावसाळ्यात दोनदा घरात पाणी आलं. पहिल्यांदा उंबऱ्याच्या जरासं आत, दुसऱ्यांदा दिवाणाची फळी भिजली. आणि हे पाणी रस्त्यावरून दारातून नाही आलं हो, ते बाथरूमच्या जाळीतनं आणि गेटजवळच्या चेंबरातनं वर आलं, म्हणजे आम्ही दाराला गोण्या लावत बसलो आणि पाणी मागनं. सासूबाई ७८ च्या आहेत, त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलून वरच्या काकूंकडे नेलं. फ्रीज गेला, तांदूळ-पीठ गेलं, मुलाची दहावीची वह्यापुस्तकं खालच्या खणात होती ती गेली, तो रडला त्याचं मला जास्त लागलं.

मग विचारायला निघाले. एका ऑफिसात सांगितलं नाला आमचा पण पुढचं तळं आमचं नाही. दुसऱ्यात म्हणाले तळं आमच्याकडे आहे पण आत झाडं आहेत, हात लावता येत नाही. तिसऱ्यात म्हणाले रस्त्याची मोरी वेगळ्या खात्याची. चार दिवस सुट्टी टाकून फिरले आणि हातात फक्त एक पोच.

मला भांडायचं नाहीये. मला एवढंच समजून घ्यायचंय की कायद्यानं हे काम नक्की कोणाचं आहे, आणि पुढच्या पावसाआधी मी कोणाला काय विचारलं पाहिजे. माहीतगारांनी प्लीज लिहा.

घोडबंदर_आई

ताई वाचून कसंतरी झालं. आम्ही सातव्या मजल्यावर पण खालची पार्किंग भरते, लिफ्ट बंद, पंपाची मोटर बंद, म्हणजे पाण्यात असून प्यायला पाणी नाही. फॉलो करतेय.

निवृत्त_जेई

तळमजला ताई, मी बत्तीस वर्षं पावसाळी गटारांच्या कामात काढली, कुठल्या खात्यात ते राहू दे. तुमचं पाणी जाळीतनं वर आलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. त्याचा अर्थ पाऊस जास्त पडला एवढाच नाही, तर पाण्याला पुढे जायला वाट नव्हती म्हणून ते पाईपातनं उलटं फिरलं.

नवी मुंबईचं गणित थोडं समजून घ्या. १९७० ला सिडको, म्हणजे हे शहर वसवणारी सरकारी कंपनी, आली तेव्हा पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्या मधली बरीच जमीन खाजण, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरणारी, होती. डोंगरातलं पाणी उतारानं येणार, आणि खाडीकडचे बरेच भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली. सगळीकडे भराव टाकून जमीन उचलायची तर खर्च प्रचंड, म्हणून डच लोकांची पद्धत घेतली. खाडीच्या बाजूनं बांध, बांधाच्या आत धारण तलाव, ज्याला सगळे होल्डिंग पाँड म्हणतात, आणि तलावाच्या तोंडाशी झडपा. ओहोटीला आतलं पाणी झडप ढकलून खाडीत जातं, भरती आली की खाडीच्या पाण्याच्या दाबानंच झडप बंद होते. बाहेर भरती आणि आत पाऊस असे जे चार-पाच तास असतात तेवढा वेळ सेक्टरचं सगळं पाणी त्या तलावानं पोटात ठेवायचं. शहराचा एवढाच आधार आहे, पण तो आधार भक्कम आहे, जर तलावात जागा असेल आणि झडप नीट बसत असेल तर.

आता साधा हिशोब करा. १ चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १० कोटी लिटर पाणी होतं. आणि १० हेक्टरच्या तलावात १ मीटर गाळ बसला की बरोबर १० कोटी लिटरची जागा गेली. म्हणजे गाळ काढला नाही तर तेवढं पाणी कोणाच्या तरी तळमजल्यावर थांबणार.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, कलम ६३. गटारं-नाले बांधणं, राखणं, साफ ठेवणं हे त्यात बंधनकारक कामांमध्ये आहे. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं वेगळी दिलीत. नालेसफाई ऐच्छिक नाही, निधी उरला तर करू असं ते काम नाही. आपत्तीचा भाग वेगळा आहे तो उद्या लिहितो, डोळ्याचे थेंब घालायचेत.

सुकती

जेई साहेबांनी बरोबर लिहिलंय पण एक सांगतो, ही पद्धत डचांच्या आधीपासून आपल्या खाडीत होती. आम्ही इथले मूळचे आगरी. आजाची खारजमीन होती, भात करायचे, आणि खाऱ्या पाण्यापासून वाचवायला मातीचा बांध आणि बांधात उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी दाराची मोरी, सुकतीला म्हणजे ओहोटीला आतलं पाणी सोडायची, भरतीला बंद. तुमची ती झडप, फ्लॅप गेट, म्हणजे आमची उघाडीच.

फरक काय तर उघाडीला माणूस असायचा. गावानं ठरवलेला. पुनव-अमावस्येच्या उधाणाला तो बांधावर असायचाच, रात्र असो पाऊस असो, आणि बांध कुठे खेकड्यांनी पोखरलाय, फळीला काय अडकलंय हे हातानं चाचपून बघायचा. बांध फुटला तर सगळ्या गावाची शेती खारी होणार, तीन-चार वर्षं पीक नाही, म्हणून कोण झोपायचं नाही. आजा म्हणायचा उघाडीत ओंडका अडकला त ती उघाडी नाय, भोक हाय.

आज मला कोणी सांगावं की आपल्या नोडच्या झडपेला माणूस कोण आहे. नाव काय, मोबाईल काय, रात्री दोनला उधाण असेल तर तिथे कोण असतो. माझं तर म्हणणं आहे प्रत्येक झडपेशी बोर्ड पाहिजे, जबाबदार कर्मचाऱ्याचं पद आणि फोन आणि शेवटची तपासणी कधी झाली.

पाऊसवेडा

सुकतीभाऊ +१००. आणि बघा ना, पाऊस किती पडेल ते नक्की सांगता येत नाही हे मान्य पण भरती तर वर्षभर आधी माहीत असते! कुठल्या दिवशी किती वाजता किती मीटर हे छापून येतं, साडेचार मीटरच्या वरचे दिवस तर पेपरात पण येतात. म्हणजे पावसाळ्यातले धोक्याचे दिवस आधीच कॅलेंडरवर लाल करता येतात, आणि त्या दिवशी हवामान खात्याचा रेड अलर्ट पण असेल म्हणजे २४ तासात २०४.५ मिमी किंवा जास्त अशी शक्यता, तर त्या वेळेआधी तलाव ओहोटीला रिकामा करून ठेवायचा, पंपात डिझेल भरून ठेवायचं, अंडरपास बंद करायची माणसं उभी करायची. याला काही जास्तीचा पैसा लागत नाही, ड्युटी लावावी लागते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला, त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७४. एवढ्या जवळ एवढा फरक. त्यामुळे एका ठिकाणच्या आकड्यावर अख्ख्या ठाणे-नवी मुंबईचं ठरवणं चूक आहे, वॉर्डावॉर्डात पर्जन्यमापक हवेत आणि त्यांचे आकडे लोकांना त्याच मिनिटाला दिसायला हवेत.

खारफुटीप्रेमी

चर्चा चांगली चाललीय पण एक सांगू का, "आत झाडं आहेत म्हणून हात लावता येत नाही" हे अर्धवट उत्तर आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये खारफुटी तोडायला बंदी घातली, २०१८ च्या अंतिम निकालातही ती कायम ठेवली. पण सार्वजनिक हिताच्या कामाला परवानगी मागायची वाट बंद केलेली नाही. सागरी किनारा प्राधिकरणाकडे जायचं, कोर्टात जायचं, सर्व्हे दाखवायचा, किती झाडं, किती गाळ, बदल्यात कुठे लावणार. वेळ लागतो, म्हणून तर लवकर सुरू करायचं ना. आणि खाडीच्या बाजूची खारफुटी लाटा तोडते, बांध धरून ठेवते, ती गेली तर तुमचाच बांध आधी जाईल. त्यामुळे कृपा करून "झाडांमुळे पूर" असं सरसकट कोणी लिहू नका.

तळमजला

दादा झाडांचा मला राग नाही. पण ज्या दिवशी सासूबाईंना खुर्चीत बसवून नेलं त्या दिवशी मला कोणी झाडं महत्त्वाची म्हणालं असतं तर मी काय बोलले असते माहीत नाही. तलाव पाण्यासाठी खणला होता ना? मग त्यात झाडं उगवेपर्यंत सगळे काय करत होते?

खारफुटीप्रेमी

हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि माझा पण तोच आहे. माझ्या आधीच्या पोस्टमध्ये तुमच्या त्रासाबद्दल एक शब्द नव्हता, ते चुकलं माझं.

निवृत्त_जेई

इथे दोघंही एकाच बाजूला आहात हे सांगतो. तलावात खारफुटी आपोआप येत नाही. तिला खारं पाणी लागतं आणि गाळ लागतो. झडप घट्ट बसत असेल तर भरतीचं पाणी आत येणारच नाही. झडपेचं रबर गेलं, बिजागरी गंजली, कचरा अडकून फट राहिली की दिवसातनं दोनदा खाडी आत येते, येताना गाळ आणि बिया आणते, आणि वर्षानुवर्षं हे चाललं की तलावाचं जंगल होतं. म्हणजे झाडं हा परिणाम आहे, मूळ दोष देखभालीचा. आता जिथे दाट झालंय तिथे परवानगीचा रस्ता, आणि तोपर्यंत उघड्या पाण्याचा जो भाग उरलाय तो खोल करणं, नाल्याचं तोंड मोकळं ठेवणं, झडपा बदलणं आणि जास्त क्षमतेचे पंप, एवढं तरी आधी हातात घ्यायला हवं.

कालचं राहिलेलं लिहितो. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. पण कलम ४१ स्वतंत्रपणे स्थानिक प्राधिकरणासाठी आहे, म्हणजे महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत सगळे. त्यात कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, साधनं लगेच वापरता येतील अशी तयार ठेवणं, हद्दीतली बांधकामं ठरलेल्या मानकांप्रमाणे आहेत ना हे बघणं, आणि मदत-पुनर्वसन. ते "साधनं तयार ठेवणं" नीट वाचा. पंप गोदामात आहे पण पाईप नाही, हे कायद्यात बसत नाही. २०२५ च्या दुरुस्तीनं तर महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी शहर आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद झालीय, आयुक्त अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. म्हणजे "ते कलेक्टरकडे विचारा" म्हणायला जागा अजून कमी झाली.

दिव्याचा

नवी मुंबईला निदान तलाव तरी आहेत हो. आमच्या दिव्यात, ठाण्याजवळच्या दिवा गावात, खाडी थेट चाळीच्या मागे. खारजमिनीवर भराव टाकून चाळी, मग चार मजली इमारती, गटार रस्त्यापेक्षा उंच आणि घर गटारापेक्षा खाली. लोक म्हणतात कशाला घेतलं तिथे घर, अहो पगार बघून घेतलं, लोकल मिळते म्हणून घेतलं. माझ्या वडलांनी गावची जमीन विकून घेतलं. घेताना लाईटचं मीटर मिळालं, पाण्याचं कनेक्शन मिळालं, घरपट्टीचं बिल आलं, मग आम्हाला कसं कळणार की पाणी यायच्या जागेवर आहोत? भराव पडत होता तेव्हा ट्रक रात्री यायचे, रात्री कोणीतरी तो थांबवायला हवा होता. पूर काय पावसाळ्यात सुरू होत नाही, तो त्या ट्रकच्या दिवशी सुरू होतो.

आणि डोंगराकडे पण तेच. जुलै २०२१ ला कळव्याच्या घोलाईनगरात दरड आली, एकाच घरातले पाच गेले. दरवर्षी मे महिन्यात धोकादायक वस्तीला नोटीस लागते, घर खाली करा. कुठे जायचं ते नोटिशीत नसतं. पुनर्वसन कलम ४१ मध्ये आहे असं जेई साहेब म्हणाले, मग नोटीस आणि पर्यायी जागा एकाच कागदावर पाहिजे.

घोडबंदर_आई

दिव्याचा, अगदी मनातलं लिहिलंत.

आमच्याकडे येऊरच्या डोंगरातले नाले खाली येतात. डोंगरात मोकळे, खाली आले की दोन्हीकडनं भिंती, मग कुठे वर स्लॅब टाकून रस्ता नाहीतर पार्किंग. स्लॅबखालचा नाला साफ कसा करणार, जेसीबी आत जात नाही, माणूस उतरवणं तर जिवावरचं. आणि दिसत नाही म्हणून कोणाच्या लक्षातही राहत नाही, मुलांना विचारलं तर त्यांना माहीतच नाही की आपल्या गेटसमोर नाला आहे. दुसरं म्हणजे साफ केल्यावर गाळ काठावरच ठेवतात सुकायला, आणि पहिला वळवाचा पाऊस आला की तोच गाळ परत आत. मी दोन वर्षं फोटो काढून ठेवलेत, तारखेसकट.

उल्हासकाठ

मी आता ठाण्यात असलो तरी माहेर, म्हणजे बायकोचं, बदलापूरला उल्हास नदीजवळ. तिथला मुद्दा वेगळा आहे, पूररेषा. जलसंपदा खातं नदीला निळी रेषा आणि लाल रेषा आखतं. निळी म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची हद्द, आत बांधकाम नाही. लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, निळी ते लाल मध्ये अटींसह. रेषा आखणं एका खात्याचं आणि ती पाळायला लावणं बांधकाम परवानगी देणाऱ्या स्थानिक संस्थेचं. २७ जुलै २०१९ आठवतंय ना, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी, एनडीआरएफ आणि नौदलाला यावं लागलं. टीव्हीवर गाडी दिसली पण त्याच रात्री नदीकाठच्या सोसायट्यांमध्ये पण पाणी होतं, तिथे आमचे सासरे गच्चीवर होते. फ्लॅट घेताना कोणीही पूररेषेचा नकाशा दाखवला नाही, आणि आपण पण मागितला नाही, वास्तू बघितलं, स्टेशन किती मिनिटं ते बघितलं. माझं मत, हा नकाशा वॉर्ड ऑफिसच्या दारात लावलेला पाहिजे, मराठीत, आणि इमारतींची नावं दिसतील एवढा मोठा.

अर्जदार

माहिती अधिकारात बरीच वर्षं अर्ज टाकतोय म्हणून ताईंना थेट कामाचं लिहितो.

"पाणी का आलं" असं विचारू नका, उत्तर मिळत नाही, कारण ते कागद नसतो. कागद मागा. तुमच्या नाल्याचं नाव-नंबर घ्या आणि डोंगरापासून खाडीपर्यंत त्या नाल्याचा कुठला तुकडा कोणाच्या ताब्यात आहे त्याचा नकाशा मागा, वनखातं, एमआयडीसी, रेल्वेची मोरी, महामार्ग, महापालिका, सिडको, जे असेल ते. यात तुमचं चार दिवसांचं फिरणं एका कागदावर येईल. मग धारण तलावाच्या हस्तांतराचा कागद, झडपांच्या तपासणीची नोंदवही, गाळाचे वजनकाट्याचे पावतीपुस्तक आणि गाळ कुठे टाकला ते ठिकाण. पंपांची यादी आणि चालवून बघितल्याच्या तारखा. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणजे मे मध्ये टाकून उपयोग नाही, जानेवारी-फेब्रुवारीतच टाका. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या शहरी पुराच्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या नाल्यांची सफाई ३१ मार्चपर्यंत व्हावी असं आहे, आपल्याकडे ३१ मेची धावपळ असते, तो फरक अर्जात लिहा.

दुसरं, नुकसानीचं. पंचनामा महसूलवाले करतात, तलाठी-तहसील, महापालिका नाही. आणि एसडीआरएफच्या, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या, निकषात कपडे-भांड्यांची मदत घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर. शहरात पाणी पाच तास राहतं आणि सगळं नासवून जातं, त्यामुळे तुमच्यासारखे लोक निकषातच बसत नाहीत. मोठ्या पुराच्या वेळी सरकार वेगळा जीआर काढून ही अट सैल करतं, पण पाणी येईल तेव्हा पंचनामा झालेलाच नसेल तर त्यातही नाव येत नाही. म्हणून फोटो, वेळ, पाण्याची रेघ भिंतीवर पेन्सिलीनं, आणि त्याच दिवशी लेखी अर्ज. नियंत्रण कक्षाचा १०७७ लावून तक्रार क्रमांक घ्या.

पाऊसवेडा

आणि लोकप्रतिनिधीचा पण मुद्दा आहे ना. नवी मुंबईत नगरसेवकांची मुदत मे २०२० ला संपली, ठाण्यात मार्च २०२२ ला, नंतर कितीतरी पावसाळे प्रशासक. नगरसेवक कसाही असो, रात्री अकराला त्याच्या दारावर जाता यायचं. त्या काळात दार कुठलं तेच कळत नव्हतं.

तळमजला

सगळ्यांचे खूप आभार, सगळं दोनदा वाचलं, वहीत उतरवलं. अर्जदार दादांनी सांगितलं तसे तीन अर्ज टाकलेत, पहिल्याचं उत्तर आलं. नाल्याचे पाच तुकडे निघाले, पाच मालक. त्यातल्या एका तुकड्यापुढे नुसती रेघ आहे, ताबा कोणाचा ते रिकामं. आणि आमची सोसायटी बरोबर त्या तुकड्याला लागून आहे. ते बघून मी कितीतरी वेळ बसून राहिले. आता ती रिकामी जागा भरून द्या असं पत्र आयुक्त आणि जिल्हाधिकारी दोघांनाही एकाच दिवशी दिलंय, सोसायटीच्या ४२ सह्या आहेत, सासूबाईंची पहिली. वॉर्डातल्या साहेबांनी पण वाचून मान हलवली, म्हणाले हे आम्हालाही लिहून पाहिजेच होतं.

झडपेची नोंदवही अजून नाही मिळाली. म्हणून आम्ही बांधावरूनच लांबून बघायचं ठरवलंय. सुकतीभाऊ, तुम्ही याल का? कधी गेलं म्हणजे झडप उघडलेली दिसेल?

सुकती

येतो की. अमावस्येला जाऊ. मोठी भरती साधारण दुपारी बाराच्या पुढे-मागे, मग संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण सुकती, उजेड असतो. तुम्हाला सोपा हिशोब सांगतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा. पण आपण दोनदा जायचं, साडेबाराला आणि सहाला. साडेबाराला झडप बंद दिसली पाहिजे आणि आत पाणी चढता कामा नये, तलावाच्या भिंतीवर एक खूण धरा आणि अर्धा तास बघा. चढलं तर फट आहे, मग सहाचं बघायची पण गरज नाही.

चिखलात उतरायचं नाही कोणी, बांधावरच थांबायचं. पायात चप्पल नको, बूट घाला.

खारफुटीप्रेमी

मी पण येतो, दुर्बीण आहे माझ्याकडे. आणि आतल्या झाडांची मोजणी त्याच दिवशी करून घेऊ, परवानगीच्या अर्जाला लागेल.

तळमजला

या. आमच्याकडनं सहा जण आहेत, मुलगा पण येतोय, खूण धरायचं काम त्यानं घेतलंय. साडेबाराला गेटवर भेटू, जेवणाचे डबे आम्ही आणतो.